न्यूयॉर्क शहराच्या शेरीफला पूर्ण पोलीस अधिकार दिले तर नेमकं काय बदलेल?

प्रश्न असा आहे: न्यूयॉर्क शहराचा शेरीफ आणि त्याचे डेप्युटी, म्हणजे हाताखालचे अधिकारी, आजही गणवेशात असतात, कमरेला पिस्तूल लावतात, बेड्या घालून माणसं घेऊन जातात. मग त्यांना ‘पूर्ण पोलीस अधिकार’ द्या अशी मागणी का होते, आणि दिले तर दुकानदाराला किंवा रस्त्यावरून चालणाऱ्याला काय फरक पडेल?

अटकेचा आणि बळ वापरण्याचा बराचसा अधिकार त्यांच्याकडे आधीपासून आहे. कमी पडतात त्या मुख्यतः तीन गोष्टी: वाजवी संशयावरून कुणालाही रस्त्यात थांबवणं, झडतीचं वॉरंट स्वतः बजावणं, आणि साध्या गुन्ह्यात समजुतीची चूक झाली तरी अटक कायदेशीर ठरणं. माझ्या मते हा दर्जा द्यायला हरकत नाही, पण प्रशिक्षण आणि देखरेख त्याच विधेयकात बांधून. नुसते व्याख्येतले चार शब्द खोडून दर्जा दिला, तर गुन्हेगार सुटतील आणि निरपराध अडकतील, दोन्ही होईल.

आधी हा शेरीफ कोण ते पाहू, कारण मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मुंबईचे नगरपाल येतात. मुंबईचं ते पद मानाचं आहे; प्रत्यक्ष काम उच्च न्यायालयाच्या हुकमांची बजावणी करणारं शेरीफचं कार्यालय करतं. बंदरात उभ्या जहाजावर २०१७ च्या अ‍ॅडमिरल्टी (सागरी दाव्यांच्या) कायद्याखाली अटकेचं वॉरंट निघालं की ते याच कार्यालयामार्फत बजावलं जातं. न्यूयॉर्कच्या शेरीफचं मूळ काम याच जातीचं, आपल्या दिवाणी न्यायालयातल्या बेलिफासारखं: हुकूमनाम्याची वसुली, जप्ती, समन्स, ताबा. पूर्वी शहरातल्या पाचही काउंट्यांना (जिल्ह्यांना) वेगवेगळे निवडून आलेले शेरीफ होते. १९४२ पासून ती पाच पदं जाऊन एक नेमलेला सिटी शेरीफ आला, आणि आज त्याचं कार्यालय शहराच्या वित्त विभागाखाली आहे. राज्यात ६२ काउंट्या. शहराबाहेरच्या ५७ मधले शेरीफ आणि त्यांचे डेप्युटी कायद्याने ‘पोलीस ऑफिसर’ आहेत. शहरातले तेवढे ‘पीस ऑफिसर’, म्हणजे आपल्या ठरलेल्या कामापुरते पोलिसी अधिकार असलेले.

हा भेद राज्याच्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात आहे. कलम १.२० च्या ३४ व्या उपकलमात पोलीस ऑफिसरांची यादी आहे. त्यात शेरीफ, अंडरशेरीफ आणि डेप्युटी येतात, पण ‘न्यूयॉर्क शहराबाहेरच्या काउंट्यांचे’ अशी अट घालून. शहराचे शेरीफ कलम २.१० मध्ये आहेत. पीस ऑफिसरांच्या त्या लांबलचक यादीत त्यांचा नंबर दुसरा. म्हणून मागणी दिसायला छोटी आहे: पहिल्या यादीतली अट काढा, दुसऱ्या यादीतलं नाव काढा.

ती आताच जोर का धरते, याचं कारण कामात आहे. बेलिफाच्या कामावर एकेक तपासाचं काम चढत गेलं. बनावट खरेदीखतं करून घरं लाटण्याचे प्रकार या कार्यालयाकडे आले. सिगारेटवरच्या कराची चोरी आली: शहरात एका पाकिटावर राज्याचे ५.३५ आणि शहराचे १.५० असे ६.८५ डॉलर कर, तर व्हर्जिनियात ६० सेंट. एवढी तफावत असली की गाड्या भरभरून माल येणारच. मग २०२४ मध्ये राज्याने कायदा बदलून बेकायदा गांजाची दुकानं सील करायचे अधिकार शहराला दिले, आणि त्या मोहिमेत शेरीफ पुढे आला. काम तपासाचं, दर्जा मात्र वसुली करणाऱ्याचा.

आता कलमं जवळून पाहू, कारण सगळा फरक तिथे आहे. पोलीस ऑफिसर कलम १४०.१० खाली अटक करतो. त्याच्या उपस्थितीत कोणताही गुन्हा झाला असं मानायला वाजवी कारण असेल, तर अटक. जरा मोठा गुन्हा, म्हणजे मिसडिमीनर (कमी गंभीर) किंवा फेलनी (गंभीर) असेल, तर तो त्याच्यासमोर घडलेला नसला तरी वाजवी कारणावर अटक. पीस ऑफिसरला कलम १४०.२५ लागू. तो ‘विशेष कर्तव्य’, म्हणजे त्याच्या नेमणुकीचं ठरलेलं काम, बजावत असेल तर त्याचे अधिकार जवळजवळ पोलिसांइतकेच. पण विशेष कर्तव्याबाहेर पाऊल पडलं की दोनच वाटा उरतात: फेलनी असेल तर वाजवी कारण पुरतं, बाकी गुन्ह्यांत तो त्याच्या समोर ‘प्रत्यक्षात’ घडलेला असला पाहिजे. आणि दोन्ही बाबतींत गुन्हा नेमणुकीच्या हद्दीत झालेला असावा लागतो.

त्या ‘प्रत्यक्षात’मध्ये काय दडलंय ते एका उदाहरणाने सांगतो. डेप्युटी एका तंबाखूच्या दुकानाची तपासणी करायला आलाय. काउंटरखाली कराचा शिक्का नसलेली पाकिटं सापडली. हे त्याचं विशेष कर्तव्यच. माल जप्त, मालकाला अटक, काही अडचण नाही. त्याच वेळी मागच्या जिन्याने वर गेलं की एक कुलूपबंद खोली आहे, आणि खोकी तिथे चढवली जातात असं कळतं. आता झडतीचं वॉरंट हवं. तसा अर्ज कर्तव्यावरचा कोणताही सरकारी नोकर करू शकतो, पण कलम ६९०.२५ प्रमाणे वॉरंट पोलीस ऑफिसरच्या नावेच काढावं लागतं. म्हणजे न्यूयॉर्क पोलिसांचा माणूस शोधा, त्याला प्रकरण समजावून द्या, तो येईपर्यंत दारावर पहारा ठेवा. दार अडवून ठेवलेला तो वेळ पुढे कोर्टात स्वतंत्र वाद बनतो.

काम आटोपून डेप्युटी बाहेर येतो. शेजारच्या दुकानासमोरच्या मांडणीवरून एक जण बुटांचा खोका उचलतो आणि झपझप चालू लागतो. आतून कुणीतरी ओरडतं. डेप्युटी त्याला धरतो. नंतर कळतं, तो त्याच दुकानात कामाला आहे, गिऱ्हाईकाला माल पोचवायला निघाला होता. १,००० डॉलरपर्यंतच्या मालाची साधी चोरी मिसडिमीनर असते. पोलीस ऑफिसरने हेच केलं असतं तर वाजवी कारण होतं, अटक कायदेशीर. डेप्युटीची अटक बेकायदा, कारण गुन्हा प्रत्यक्षात घडलाच नव्हता. शहरावर नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो, आणि त्या माणसाच्या खिशात दुसरं काही सापडलं असेल तर तो पुरावा बाद करण्यासाठी बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळाला. दुकानदाराने ‘काल यानेच मला मारलं’ म्हणून बोट दाखवलं तर? साधी मारहाण, कालची, डोळ्यांआडची. पोलीस अटक करू शकतो. डेप्युटीने फोन करावा आणि थांबावं.

रस्त्यात थांबवणं, चौकशी करणं आणि अंगझडती यांचं कलम १४०.५०. तिथे पोलीस ऑफिसर आणि न्यायालयाची सुरक्षा पाहणारे पीस ऑफिसर एवढेच आहेत. शेरीफचा डेप्युटी विशेष कर्तव्यात असेल तर संविधान परवानगी देईल तेवढी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. पण ‘हा माणूस संशयास्पद वाटला’ एवढ्यावर कुणालाही अडवण्याचं हे कलम त्याचं नाही. पूर्ण दर्जा दिला की ते त्याला मिळेल. शहराने या कलमाच्या गैरवापराचा कडू अनुभव घेतलाय; २०१३ मध्ये फेडरल न्यायालयाने न्यूयॉर्क पोलिसांची तेव्हाची अंमलबजावणी घटनाबाह्य ठरवली होती. म्हणून दर्जावाढीच्या चर्चेत सर्वांत आधी हे कलम बघावं.

न बदलणाऱ्या गोष्टीही सांगून ठेवतो. प्राणघातक बळाचा दंडसंहितेतला नियम, कलम ३५.३०, दोघांना सारखाच आहे. शस्त्र बाळगणं आजही चालतं. वाहतूक कायद्याची स्वतःची वेगळी व्याख्या आहे आणि तिथे विशेष कर्तव्यावरचा पीस ऑफिसर ‘पोलीस ऑफिसर’ धरला जातो. म्हणून ‘पोलीस ऑफिसर’ हे शब्द कुठे भेटले की तो कोणता कायदा आहे ते आधी पाहायचं. दुसऱ्या राज्याचं वाचून इथलं ठरवणं तर सरळ चूक. कॅलिफोर्नियात ‘पीस ऑफिसर’ हीच मोठी, सर्वसमावेशक वर्गवारी आहे.

हद्द ओलांडली तर काय होतं, याचा दाखला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेच २००५ मध्ये दिला. बफेलोच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या पीस ऑफिसरांनी हद्दीबाहेर एक मोटार अडवली आणि अमली पदार्थ मिळाले. सरकार पक्षाचं म्हणणं, निदान नागरिक म्हणून तरी त्यांना अटक करता येतेच. कोर्टाने ते फेटाळलं: अधिकारी म्हणून वागायचं आणि कायद्याने घातलेली मर्यादा आड आली की सामान्य नागरिक व्हायचं, असं चालणार नाही. पुरावा बाद. हा ‘पीपल विरुद्ध विल्यम्स’ निकाल. उलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या ‘व्हर्जिनिया विरुद्ध मूर’मध्ये सांगितलं की अटक राज्याच्या कायद्याबाहेरची असली तरी, वाजवी कारण असेल तर, चौथ्या घटनादुरुस्तीचा (अवाजवी झडती आणि अटकेपासून संरक्षण देणाऱ्या तरतुदीचा) भंग होत नाही. म्हणजे तीच अटक फेडरल घटनेपुढे टिकेल आणि न्यूयॉर्कच्या कायद्यापुढे पडेल. कोणत्या कोर्टात कोणता मुद्दा घ्यायचा हे वकिलाला यावरूनच ठरवावं लागतं.

संदिग्धता तशीच ठेवली तर काय होतं ते बघायचं असेल तर शेजारचं पेनसिल्व्हेनिया बघावं. तिथे विधिमंडळाने नीट ठरवलं नाही, म्हणून कोर्टं एकेक वीट रचत बसली. १९९४ मध्ये ‘लीट’ खटल्यात ठरलं की पोलिसांसारखंच प्रशिक्षण घेतलेला डेप्युटी शेरीफ समोर घडलेल्या वाहतूक गुन्ह्यांत कारवाई करू शकतो. २००६ मध्ये ‘कोप्को’त ठरलं की फोनवरच्या संभाषणाची चोरून टेहळणी करायच्या कायद्याखाली शेरीफ तपास अधिकारी नाहीत. २००७ मध्ये ‘डॉबिन्स’ने अमली पदार्थांचा स्वतंत्र तपास काढून घेतला. २०१३ मध्ये ‘मार्कोनी’त मद्यपी चालकांसाठी शेरीफने स्वतःहून लावलेली नाकेबंदी बेकायदा ठरली. जवळपास वीस वर्षं, चार निकाल, आणि प्रत्येक वेळी उत्तर कोर्टात गेल्यावरच मिळालं. व्हर्जिनियात कोणत्याही काउंटीत न मोडणारी ३८ स्वतंत्र शहरं आहेत. मोठ्या शहरांत गुन्ह्यांचा तपास शहर पोलिसांकडे असतो आणि शेरीफ कोर्टाची सुरक्षा, तुरुंग, समन्स बघतो. तिथे कायदा अंमलबजावणीसाठीचं आणि कोर्ट सुरक्षा व दिवाणी बजावणीसाठीचं प्रशिक्षण वेगवेगळं आहे. ही रचना मला जास्त शहाणपणाची वाटते: अधिकार माणसाच्या बिल्ल्यावरून न ठरता त्याने कोणतं प्रशिक्षण पुरं केलंय त्यावरून ठरतो.

न्यूयॉर्कमध्ये प्रशिक्षणाचीच बाजू सर्वांत कच्ची आहे. पीस ऑफिसरसाठी राज्याची म्युनिसिपल पोलीस ट्रेनिंग कौन्सिल सामान्यतः १८० तासांपर्यंतचंच सक्तीचं शिक्षण घालू शकते. जास्त घ्यायचं तर ते नेमणाऱ्या खात्याने मागायचं. पोलीस ऑफिसरचा मूलभूत अभ्यासक्रम काही महिने चालतो आणि त्याचं प्रमाणपत्र सामान्य महापालिका कायद्याच्या कलम २०९-क्यू खाली लागतं. आता समजा विधेयक म्हणालं, ‘हा कायदा तात्काळ लागू’. सध्याच्या डेप्युटींकडे ते प्रमाणपत्र नसेल, तर बचावाच्या वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला: तुम्ही आज पोलीस ऑफिसर कोणत्या प्रमाणपत्रावर आहात? म्हणून कलमातच लिहायला हवं की आधीचं किती शिक्षण मोजणार, उरलेलं किती मुदतीत पुरं करायचं, आणि तोवर त्या डेप्युटीला जुनेच अधिकार. घाईने आणलेल्या मसुद्यात नेमकं हेच राहून जातं.

दर्जा वाढला की बंधनंही येतात. घरगुती हिंसेच्या प्रकरणात कलम १४०.१० च्या चौथ्या उपकलमाने पोलीस ऑफिसरवर अटक सक्तीची केली आहे: कुटुंबातल्या माणसाविरुद्ध फेलनी असेल किंवा दूर राहण्याचा संरक्षण आदेश मोडला असेल तर अटक करायचीच, मिसडिमीनर असेल तरी करायची, पीडित व्यक्तीने स्वतःहून नको म्हटलं तरच सूट. हे आदेश बजावायला डेप्युटी रोज लोकांच्या दारात जातात. आज ते त्या सक्तीत येत नाहीत, उद्या येतील. माझ्या दृष्टीने दर्जावाढीच्या बाजूचं हे सर्वांत भक्कम कारण आहे. मार खाल्लेली बाई दारात उभी असताना आलेला अधिकारी कोणत्या खात्याचा, यावर तिचं संरक्षण अवलंबून असू नये.

आपल्याकडेही ‘पोलीस’ हा शिक्का आरोपीच्या बाजूने काम करतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, आणि २०२० च्या ‘तोफान सिंग’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने अमली पदार्थ कायद्याखाली तपासाचे अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यांनाही त्यासाठी पोलीस मानलं. तपास करायचा असेल तर बंधनं पाळा, असा त्याचा अर्थ.

दुसरा धोका तपासणीच्या अधिकारात आहे. गांजा-तंबाखूच्या दुकानात डेप्युटी येतो तो प्रशासकीय तपासणीसाठी, वॉरंटशिवाय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ‘बर्गर’ खटल्यात भंगार गाड्यांच्या यार्डाची अशी तपासणी मान्य केली होती. पण न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९९२ मध्ये ‘केटा’त राज्यघटनेवर बोट ठेवून तोच कायदा अमान्य केला, कारण तपासणीच्या नावाखाली गुन्ह्याचा पुरावा शोधला जात होता. डेप्युटी उद्या पूर्ण पोलीस झाला, की त्याची प्रत्येक तपासणी ‘हा खरं तर गुन्हेतपासच होता’ या आक्षेपाला जास्त उघडी पडेल. उपाय आहे: तपासणीचं पथक आणि गुन्हेतपासाचं पथक वेगळं, नोंदवही वेगळी, आणि गुन्ह्याचा वास आला की तपासणी थांबवून वॉरंट.

देखरेखीबद्दल शहराचे नियम ‘पोलीस विभाग’ असं नाव घेऊन लिहिलेले आहेत. नागरिकांच्या तक्रारी पाहणारं मंडळ, सीसीआरबी, न्यूयॉर्क पोलिसांसाठी आहे. २०१८ पासूनचा नियम, ज्याने अधिकाऱ्याला नाव-हुद्द्याचं कार्ड द्यावं लागतं आणि संमतीने झडती घेताना ‘तुम्ही नकार देऊ शकता’ हे सांगावं लागतं, तोही त्याच विभागापुरता. व्याख्या बदलली म्हणून वित्त विभागातला डेप्युटी यात आपोआप येणार नाही. अधिकार राज्य देईल, लगाम मात्र शहराला वेगळा कायदा करून घालावा लागेल, आणि तो त्याच दिवशी लागू व्हायला हवा. कारवाईत मृत्यू झाला तर तपास करणारं राज्य अ‍ॅटर्नी जनरलचं विशेष कार्यालय मात्र सगळ्या पोलीस ऑफिसरांना आणि काही ठरावीक खात्यांतल्या पीस ऑफिसरांना लागू आहे.

नगर परिषद एकटी हा दर्जा देऊ शकत नाही. फौजदारी प्रक्रिया कायदा राज्याचा. १५० सदस्यांची असेंब्ली, ६३ सदस्यांची सिनेट, मग गव्हर्नरची सही. एकाच शहराच्या नोकरवर्गापुरता कायदा असल्याने ‘होम रूल’ विनंतीचा, म्हणजे शहराने स्वतः असा कायदा मागण्याचा, प्रश्नही येतो: परिषदेचे दोन तृतीयांश सदस्य, किंवा महापौर आणि परिषदेचं साधं बहुमत. आणि पैसा. डेप्युटी आज शहराच्या सर्वसाधारण नोकरांच्या निवृत्तिवेतन योजनेत आहेत, पोलिसांचा फंड वेगळा. दर्जा आला की वेतन-पेन्शनची मागणी मागोमाग येणार. ती रास्तही असेल, म्हणून तिचा खर्च विधेयकाच्या आर्थिक टिपणात आधीच दिसला पाहिजे.

दारात डेप्युटी आला तर काय करायचं, याचं उत्तर कायदा बदलला तरी फारसं बदलत नाही. कागद मागा आणि तो कोणता आहे ते वाचा. घर खाली करण्याचं वॉरंट असेल तर त्याआधी किमान १४ दिवसांची लेखी नोटीस मिळालेली असली पाहिजे, आणि बजावणी कामाच्या दिवशी, सूर्योदय ते सूर्यास्त याच वेळेत. वस्तू ताब्यात घेण्याचा दिवाणी आदेश असेल तर दार फोडून आत शिरायची परवानगी त्या आदेशात लिहिलेली आहे का ते बघा. नसेल तर तो अधिकार नाही. दुकानाची तपासणी असेल तर ती गिऱ्हाइकांच्या भागापुरती आहे की गोदामासकट, ते विचारा, आणि ‘आम्ही बघू का?’ या प्रश्नाला दिलेलं ‘हो’ ही संमती धरली जाते हे लक्षात ठेवा. अडवू नका, हात लावू नका. नाव, बिल्ला क्रमांक, वेळ आणि नेलेल्या मालाची यादी लिहून घ्या. अटक झालीच, तर अटक करणारा पीस ऑफिसर होता की पोलीस, आणि त्या क्षणी तो कोणत्या कामावर होता, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.